वन्समोअर (मराठवाडा)

संगीत नाटकातले पद संपताच ते पुन्हा गाण्याची प्रेक्षकांनी केलेली मागणी, तसेच त्या मागणीला मान देऊन झालेली पुनरावृत्ती. प्रेक्षक वन्समोअर देतो, नटी तो घेते. गाणाऱ्या नटीच्या यशाचे हे सर्वांत ढोबळ माप. ‘अमुक पदाला तीन वन्समोअर’ एवढ्यावर परीक्षण आटोपण्याची सवय मराठी नाट्यवृत्तांना फार काळ होती.

शब्दाचा उगम वादग्रस्त आहे. इंग्रज प्रेक्षक अशा वेळी ‘आंकोर’ हा फ्रेंच शब्द वापरतो, तर खुद्द फ्रेंच आणि इटालियन प्रेक्षक ‘बिस’ म्हणतो. तेव्हा ‘वन्स मोअर’ जसाच्या तसा विलायती नाट्यगृहातून उचलला, हे म्हणणे टिकत नाही. कॉलेजात शिकलेल्या मराठी प्रेक्षकाने तो आपल्या इंग्रजीतून घडवला, असे एक मत आहे. दुसऱ्या मताप्रमाणे तो पारशी नाटक मंडळ्यांकडून आला. कन्नड कंपनी-नाटकांतही हाच शब्द रूढ असल्याने दुसऱ्या मताला अधिक बळ मिळते. मराठीत त्याचे चलन किर्लोस्करांच्या १८८० नंतरच्या नाटकांपासून धरावे लागेल.

प्रथा मात्र शब्दाहून जुनी आहे. पाश्चात्त्य ऑपेरात सोप्रानोच्या, म्हणजे सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेच्या, एकल गीताला अशी मागणी नित्याची असे. मोट्‌सार्टच्या ‘फिगारो’ या ऑपेराचे व्हिएन्नातले पहिले प्रयोग या पुनरावृत्तींनी इतके लांबले, की मे १७८६ मध्ये सम्राट दुसऱ्या योसेफने एकाहून अधिक कंठांची गीते पुन्हा गाण्यास मनाई केली. एकल गीतांची मुभा मात्र कायम राहिली.

मराठवाड्याच्या संदर्भात ‘मुकर्रर’ या शब्दाचा विचार अपरिहार्य ठरतो. वली आणि सिराज या उर्दू कवींच्या औरंगाबादेत मुशायऱ्याची परंपरा अठराव्या शतकापासून तरी मानावी लागते. आवडलेली ओळ पुन्हा ऐकायची तर तिथे ‘मुकर्रर’ अशी दाद द्यायची. हा शब्द अरबी ‘क-र-र’ या धातूपासून, ‘पुन्हा केलेले’ या अर्थाने आला. मोडी कागदांतला ‘मुकरर’, म्हणजे ठरवलेला, हा वेगळ्या, कंठ्य ‘क़’च्या धातूचा शब्द आहे. मराठी उच्चारात दोन्ही ‘क’ एक झाल्याने अभ्यासकांचीही गल्लत होते. पहिल्याच धातूचा ‘तकरार’, मूळ अर्थ पुनरुक्ती, मराठीत ‘तक्रार’ होऊन बसला. तेच तेच पुन्हा सांगणे म्हणजे गाऱ्हाणे, हा अर्थविकास मोठा मार्मिक आहे.

निजामी राजवटीत, १९४८ पर्यंत, इथला शिकलेला मराठी प्रेक्षक बहुधा उर्दूतून शिकलेला असे. नाटकाला बसण्याआधीच त्याच्या कानाला मुशायऱ्याची सवय असल्याचा संभव मोठा. वन्समोअर इथे आला तेव्हा मागणीचा संस्कार तयार होता, असे मानणे सयुक्तिक वाटते. दोहोंत एक भेद मात्र आहे. मुकर्रर बहुधा शेराच्या पहिल्या ओळीला मिळते आणि दुसऱ्या ओळीची ओढ वाढवते. वन्समोअर पूर्ण पदाला मिळतो आणि कथानक थांबवतो. नायिका पद संपवून आत वळलेली असते. ओरडा होताच ती पदर सावरून पुन्हा मूळ जागी येते आणि पायपेटीवाला सोडलेला सूर परत धरतो. ज्या सहनटाने उत्तर द्यायचे, तो तोंडावरचा भाव तसाच ठेवून उभा. चांगली गायिका दुसऱ्या खेपेस नवी तान किंवा वेगळा उठाव घेई. जाणकार पाहत ते हेच.

वन्समोअर गुणवत्तेचा पुरावा आहे का, या प्रश्नाला याच भूमीत जुने उत्तर सापडते. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त गायकांचे पाच प्रकार सांगितले : शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. श्रोत्यांना रिझवणारा तो रंजक. वन्समोअर बहुशः त्याच्याच वाट्याला येतो. रसात बुडालेल्या गायकाला, म्हणजे यादीतल्या ‘रसिका’ला, शांतता मिळते. तमाशातली दौलतजादा ही वेगळी गोष्ट. तिथे दादेबरोबर पैसा येतो. वारकरी भजनात ध्रुवपद मुळातच पुनःपुन्हा म्हटले जाते, त्यामुळे मागणीचे कारण उरत नाही.

नाटक मंडळ्यांना पडदे आणि कपडेपट वाहून न्यायला रेल्वे लागे. त्यामुळे मनमाड-हैदराबाद मार्गावरची औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड ही गावे आणि बार्शी लाईट रेल्वेवरचे लातूर त्यांना सोयीचे होते. बीडला त्या काळी रेल्वे नव्हती. बालगंधर्वांच्या पिढीत ही दाद स्त्रीवेषातल्या पुरुषाला मिळे. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची मंडळी काढली, ज्योत्स्ना भोळे १९३३ मध्ये रंगभूमीवर आल्या, आणि मग ही दाद स्त्रीकंठाकडे वळली.

आता नाट्यपदांच्या मैफलीत वन्समोअर आला, तर बहुधा ध्रुवपद आणि एखाद्या तानेवर भागवले जाते. गझलेच्या बैठकीत मुकर्रर अजून ऐकू येते.