ऑपरेशनच्या जखमेतलं इन्फेक्शन टाळणं
ऑपरेशनच्या जागी, म्हणजे टाक्यांजवळ किंवा आतल्या भागात, जंतू वाढून पू झाला की त्याला ऑपरेशनच्या जखमेतलं इन्फेक्शन म्हणतात. साधारण ३० दिवसांत झालेलं यात धरतात, आत रॉड किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर ९० दिवसांपर्यंत.

हे जंतू बाहेरूनच येतात असं वाटतं, पण बरेचदा ते पेशंटच्याच कातडीवरचे नाहीतर नाकातले असतात (स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यातला नेहमीचा), त्यामुळे खरं काम चिरा घ्यायच्या आधीच होतं. आदल्या दिवशी किंवा त्या दिवशी साबणाने अंघोळ. केस शक्यतो काढायचेच नाहीत, अगदी आड येत असतील तर क्लिपरने (केस कापायच्या मशीनने), कारण ब्लेडने कातडी डोळ्याला दिसणार नाही इतकी बारीक खरचटते आणि जंतूंना आयतीच जागा मिळते. मग स्पिरिटमधलं क्लोरहेक्सिडीन (जंतू मारणारं औषध) लावून ते पूर्ण सुकू द्यायचं, पुसायचं नाही, ओलं राहिलं तर कॉटरीच्या (रक्त थांबवायला विजेने डागायचं यंत्र) ठिणगीने पेट घेऊ शकतं.

अँटिबायोटिकबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज. इंजेक्शन बहुतेक वेळा चिरा घ्यायच्या आधीच्या तासाभरात देतात, म्हणजे सुरी लागते तेव्हा औषध तिथे हजर असतं, ऑपरेशन लांबलं तर मध्येच पुन्हा डोस (सेफाझोलिन असेल तर साधारण ४ तासांनी). टाके घातल्यावर 'खबरदारी म्हणून' पाच-सात दिवस गोळ्या चालू ठेवायची सवय मात्र जात नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ सालीच तसं करू नका म्हणून सांगितलंय.

भूल दिल्यावर अंग गार पडतं, रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त आणि ऑक्सिजन कमी पोचतो, म्हणून पेशंटला उबदार ठेवतात. शुगर आटोक्यात हवी, सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद.

जंतूंचं हे गणित कळायला तसा उशीरच झाला. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस हा डॉक्टर बाकीच्या डॉक्टरांना हात धुवा म्हणून सांगत होता, फारसं कोणी ऐकलं नाही. १८६५ साली ग्लासगोत लिस्टर या सर्जनने गाडीखाली पाय मोडलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या उघड्या जखमेवर जंतू मारणाऱ्या कार्बोलिक ॲसिडची पट्टी बांधली, पाय कापावा न लागता मुलगा बरा झाला.

घरी आल्यावर डॉक्टर सांगतील तोपर्यंत पट्टी कोरडी ठेवायची, हात धुतल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, मनाने पावडर-मलम काही नाही. पहिले दोन-तीन दिवस थोडी लाली, सूज चालते. पण कमी होत आलेलं दुखणं चार-पाच दिवसांनी परत वाढलं, जागा गरम लागली, घाण वास किंवा पू आला, ताप चढला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवायचं, आणि पू स्वतः दाबून काढायचा नाही.