व्यक्तिनामांवरून पडलेल्या वैद्यकीय संज्ञा

एखाद्या रोगाला किंवा लक्षणाला त्याचे वर्णन करणाऱ्या डॉक्टरचे, क्वचित रुग्णाचे, नाव देण्याची वैद्यकातील प्रथा. मेंदूविकारांच्या शास्त्रात ती विशेष रुजली. कारण एकोणिसाव्या शतकात या रोगांची लक्षणे नेमकी टिपता येत होती, मूळ मात्र सापडत नव्हते. बारसे बहुधा दुसराच कोणी करी. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये कंपवाताच्या सहा रुग्णांचे वर्णन केले, त्यांतले काही त्यांनी रस्त्यातच पाहिलेले. रोगाला त्यांचे नाव दिले ते पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को यांनी, अनेक दशकांनंतर.

सर्वांत बोलके उदाहरण हंटिंग्टन रोगाचे. अमेरिकेतील लाँग आयलंडवर जॉर्ज हंटिंग्टन यांचे आजोबा आणि वडील दोघेही डॉक्टर होते. वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना लहानग्या जॉर्जने वाटेत दोन उंच, अत्यंत कृश बायका पाहिल्या. मायलेकीच त्या; दोघींचे अंग सारखे पिळवटत, तोंड वेडेवाकडे होत होते. १८७२ मध्ये, वयाच्या अवघ्या २२व्या वर्षी, त्यांनी हा विकार पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो आणि एका पिढीत चुकला की पुढे दिसत नाही, हे स्वच्छ मांडले. मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमांची दखल घेतली जाण्याआधीची ही गोष्ट, म्हणून तिचे मोल मोठे. नॉर्वेच्या लुंड यांनी हाच रोग १८६० मध्ये नोंदवला होता. तेव्हा संज्ञेतले नाव पहिल्या निरीक्षकाचे असतेच असे नाही. १९९३ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरील सदोष जनुक सापडले आणि त्याच्या प्रथिनालाही ‘हंटिंग्टिन’ असेच नाव मिळाले.

कधी व्यक्तिनाम अपमानास्पद शब्दाच्या जागी आले. जॉन लँग्डन डाउन यांनी १८६६ मध्ये वर्णिलेल्या स्थितीला मंगोल वंशाचे नाव चिकटले होते. १९६१ मध्ये शास्त्रज्ञांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून त्याला विरोध केला, पुढे मंगोलियानेही आक्षेप घेतला आणि ‘डाउन सिंड्रोम’ रूढ झाले. मुंबईत भेंडे व सहकाऱ्यांना १९५२ मध्ये आढळलेल्या दुर्मीळ रक्तगटाला मात्र शहराचे नाव मिळाले : बॉम्बे रक्तगट.

काही नावे काढूनच टाकावी लागतात. हालरफोर्डन आणि श्पात्स या जर्मन डॉक्टरांनी १९२२ मध्ये मुलांच्या एका आनुवंशिक मेंदूविकाराचे वर्णन केले आणि त्याला त्यांचेच नाव पडले. पुढे हालरफोर्डन यांनी नाझी राजवटीने ठार केलेल्या रुग्णांचे शेकडो मेंदू संशोधनासाठी घेतले. असे नाव रुग्णाच्या कागदावर राहणे योग्य नव्हतेच. २००१ मध्ये कारणीभूत जनुक सापडल्यावर, त्यापासून बनणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) नावावरून या रोगाला ‘पँटोथेनेट कायनेज-असोसिएटेड न्यूरोडीजनरेशन’, थोडक्यात ‘पीकॅन’, म्हणू लागले. जुन्या ग्रंथांत मूळ नाव अजून आढळते.