न्यूयॉर्कचं नारिंगी आकाश आणि त्यामागचा जुना धूर

7 जून 2023 ला न्यूयॉर्कवरचं आकाश भरदुपारी नारिंगी झालं. हवेतलं प्रदूषण सांगणारा निर्देशांक 400 च्या पुढे गेला. 300 ओलांडले की तो ‘घातक’ गटात मोडतो. आग होती शेकडो किलोमीटर उत्तरेला, कॅनडाच्या क्वेबेकमध्ये. जूनच्या सुरुवातीला तिथे विजा पडून एकाच वेळी कितीतरी वणवे पेटले आणि किनाऱ्यालगत ठाण मांडून बसलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने सगळा धूर दक्षिणेला ओढला. न्यूजर्सीतल्या मराठी घरांत कोविडच्या वेळचे मास्क पुन्हा बाहेर निघाले.

‘असं कधी पाहिलं नव्हतं’, जो तो म्हणत होता. पण या भागाने ते पाहिलं होतं. 19 मे 1780 ला अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडमध्ये दुपारी बारा वाजता मेणबत्त्या लावाव्या लागल्या. कोंबड्या खुराड्यात शिरल्या, पावसाच्या पाण्यावर काजळीचा थर आला. लोकांना वाटलं, कयामत आली. कारण उलगडायला सव्वादोनशे वर्षं लागली: कॅनडाच्या ओंटारियोतल्या जुन्या झाडांच्या वर्षवलयांत त्याच सालचे जळल्याचे व्रण सापडले.

1950 ची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात जूनमध्ये लागलेला चिंचागाचा वणवा शेजारच्या अल्बर्टात शिरला आणि शरद ऋतू सरेपर्यंत जळत राहिला. तो विझवायचाच नाही असं ठरलं होतं, कारण आसपास वस्ती नव्हती. चौदा लाख हेक्टरच्या वर जंगल गेलं. सप्टेंबरअखेर त्या धुरातून स्कॉटलंडमधल्या लोकांना सूर्य चक्क निळा दिसला. वस्ती नाही म्हणून सोडून दिलेल्या आगीचा धूर महासागर ओलांडून वस्तीत पोहोचला होता.

तेव्हा त्या धुरात काय होतं हे मोजणारं कुणी नव्हतं. अमेरिकेने अडीच मायक्रॉनहून बारीक कणांसाठी, म्हणजे पीएम 2.5 साठी, मर्यादा घातली ती 1997 साली. केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण नाकातल्या केसांत अडकत नाहीत. फुप्फुसाच्या तळाशी जातात, त्यातले अगदी बारीक रक्तातही उतरतात. 2023 च्या त्या दिवसांत न्यूयॉर्क राज्यात दम्याचे रुग्ण तातडीच्या विभागांत वाढले, ते यामुळेच.

त्या वर्षी कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळलं, जवळजवळ अर्ध्या महाराष्ट्राएवढं. कॅनडाच्या पश्चिमेकडे यामागे जुना इतिहासही आहे: मूळनिवासी लोक दरवर्षी थोडं थोडं गवत-झुडूप जाळून रान मोकळं ठेवत, ते ब्रिटिश कोलंबियात 1874 च्या कायद्याने बेकायदा ठरवलं गेलं आणि सरपण साचत गेलं. क्वेबेकच्या सूचिपर्णी जंगलाला हे कारण फारसं लागू पडत नाही. तिथे उन्हाळा लवकर तापला, जमीन कोरडी पडली, आणि मग वीज पडली.

अमेरिकी नियमांत वणव्याच्या धुराचे दिवस ‘अपवादात्मक घटना’ म्हणून, मर्यादा पाळली की नाही या हिशेबातून वगळण्याची सोय आहे. 2025 मध्ये कॅनडात पुन्हा 80 लाखांहून अधिक हेक्टर जळलं आणि धूर पुन्हा सीमेपार गेला.