पार्श्वभूमी : १९ तारखेचे स्तोत्र

रोज बायबलमधल्याच प्रार्थना म्हणायच्या असे ठरवणाऱ्याला हल्ली पहिली युक्ती सांगितली जाते ती तारखेची. आज ५ तारीख असेल तर ५ वे स्तोत्र, मग तीस-तीस मिळवत ३५, ६५, ९५, १२५. रोज पाच, महिन्यात स्तोत्रसंहितेतली सगळी दीडशे. खूण घालायचीही गरज नाही. पण याच हिशोबाने २३ तारखेला ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ म्हणून होते न होते तोच ८३ वे समोर येते, आणि शत्रूंचा वाऱ्यापुढच्या भुसासारखा धुव्वा उडव, असे मागावे लागते. २८ ला ५८ वे: त्यांचे दात तोंडातच पाड. १९ ला १०९ वे: त्याची मुले पोरकी होवोत, बायको विधवा होवो, सावकार त्याचे सगळे गिळंकृत करो. नव्याने लागलेली सवय बहुधा इथेच अडखळते.

दीडशे स्तोत्रे किती दिवसांत वाटायची, हाच या सवयीचा जुना प्रश्न. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या एका छोट्या मार्गदर्शिकेत येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ दिवसातून तीनदा म्हणायला सांगितले आहे, तेवढे पुरत होते. पुढे सूर्योदयापासून मोजलेला तिसरा, सहावा, नववा तास असे टप्पे रूढ झाले. आपल्या प्रहरांशी ते तंतोतंत जुळतात, त्यामुळे मराठी माणसाला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. सहाव्या शतकात इटलीतल्या एका मठाच्या नियमाने आठवड्यात दीडशे स्तोत्रे पूर्ण करण्याचा दंडक घातला आणि वर टोमणाही मारला: आपले पूर्वज हे एका दिवसात करत, आपल्याला निदान आठवड्यात तरी जमावे.

संसारी माणसाला परवडेल असा हिशोब १५४९ मध्ये इंग्लंडात आला. नव्या प्रार्थनापुस्तकाने लॅटिन बाजूला ठेवली, मठातल्या सात-आठ वेळांच्या जागी सकाळ आणि संध्याकाळ अशा दोनच ठेवल्या आणि स्तोत्रे महिनाभरात वाटली. प्रस्तावनेतली तक्रार आजही पटते: काय वाचायचे ते शोधण्यातच वाचण्यापेक्षा जास्त वेळ जात असे. फेब्रुवारीचे काय करायचे, यावर तर फार गोड तोडगा होता. त्याने जानेवारीचा शेवटचा आणि मार्चचा पहिला दिवस उसना घ्यायचा, म्हणजे तीस भरतात. १०९ वे या पुस्तकात २२ तारखेच्या संध्याकाळी येते. ते कुणी काढले नव्हते. त्यानंतर १८४२ च्या अखेरीस स्कॉटलंडमधल्या डंडीच्या एका तरुण पाळकाने आपल्या मंडळीसाठी वर्षाचा वाचनक्रम आखला, त्यात स्तोत्रे वर्षातून दोनदा होतात. आजचे कित्येक ‘वर्षभरात बायबल’ तक्ते त्याच वळणाचे.

खरा वाद १९७० चा. कॅथलिक चर्चने प्रहरांच्या प्रार्थनेची, म्हणजे दिवसाच्या ठरल्या वेळी म्हणायच्या स्तोत्र-प्रार्थनांची, नवी मांडणी केली. एका आठवड्याऐवजी चार आठवड्यांचे चक्र आले, आणि ५८, ८३, १०९ ही तीन स्तोत्रे त्यातून पूर्णपणे गळली. इतर काहींमधल्या मोजक्या ओव्या गाळल्या. १३७ वे बाबेलच्या नद्यांकाठच्या रडण्यापर्यंत येते आणि सहाव्या ओवीवर थांबते, कारण शेवटी शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटण्याची भाषा आहे. कारण दिले गेले ते ‘मानसिक अडचण’ असे. त्याच परिच्छेदात, अशी प्रार्थना येशूनंतर लिहिलेल्या नव्या करारातही आहे, ही कबुलीसुद्धा आहे. नियम करणाऱ्यांतही एकमत नव्हते.

बाजू घ्यायचीच तर, गाळणे चुकले असे मला वाटते. १०९ व्यातली एक ओळ नव्या करारातले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक पहिल्याच अध्यायात उद्धृत करते, येशूला दगा देणाऱ्या यहूदाच्या जागी दुसरा नेमण्यासाठी. मठवासी शतकानुशतके १३७ वे पूर्ण म्हणत आले आणि त्यांच्याजवळ त्यावर उतारा होता: आपटायचे ते मनात नुकतेच जन्मलेले दुष्ट विचार, आणि खडक म्हणजे ख्रिस्त. शिवाय १०९ व्यात शिव्याशाप नक्की कोण देतो आहे, हेही पक्के नाही. मूळ हिब्रूत अवतरणचिन्हे नाहीत. सहाव्या ओवीपाशी शत्रूंसाठीचे ‘ते’ अचानक ‘तो’ होते, म्हणून १९८९ च्या एका इंग्रजी भाषांतराने तिथे ‘ते म्हणतात’ हे शब्द घातले. मग सगळे शाप शत्रूंच्या तोंडी जातात आणि स्तोत्रकर्ता ते सोसणारा ठरतो. आपल्या प्रचलित मराठी पाठात ही शक्यता दिसत नाही.

गुंता शब्दाचाही आहे. या स्तोत्रांना पाश्चात्त्य अभ्यासक जे नाव देतात त्याचे मराठी सरळ ‘शापाची स्तोत्रे’ असे होते. पण मराठीत शाप देतो तो ऋषी, ज्याच्या शब्दात ताकद आहे. ज्याच्या हातात काहीच उरलेले नाही त्याचा लागतो तो तळतळाट. १०९ व्याचा म्हणणारा स्वतःला दीन आणि दरिद्री म्हणवतो, उपासाने त्याचे गुडघे लटपटतात, लोक त्याला बघून मान हलवतात. हा तळतळाट आहे. शब्द एवढा बदलला तरी स्तोत्र वेगळे वाचले जाते. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या छापखान्यात १९२४ मध्ये छापून पूर्ण झालेल्या त्यांच्या बायबलच्या भाषांतरामागे साध्या बायकांना रोज वाचता यावे असे मराठी हवे, हाच हट्ट होता, आणि त्यांना हा फरक वेगळा सांगावा लागला नसता.

तारखेच्या युक्तीत आणखी एक खोच उरते. २९ ला ११९ वे येते, तब्बल १७६ ओव्यांचे. बरेच जण ते ३१ ला ढकलतात. १५४९ च्या पुस्तकाने ते पाच बैठकांत वाटले होते. आणि फेब्रुवारीत, लीप वर्ष नसेल तर, २९ आणि ३० ची दहा स्तोत्रे राहूनच जातात. दिवस उसने घेण्याची ती जुनी सोय मात्र १६६२ च्या सुधारित आवृत्तीनेच काढून टाकली.