छोटा टॅब : मराठी वाचायला कसा, बघायला कसा?

टॅब घ्यायला आलेले बरेच ग्राहक आधी हेच विचारतात, "यावर मराठी पुस्तकं नीट वाचता येतील ना?" म्हणून सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९ आम्ही आठवडाभर घरी वापरला. त्यात जे जाणवलं ते इथे देत आहोत.

टॅब हातात सुटसुटीत बसतो. वजन ३३२ ग्रॅम. एका हातात काही वेळ आरामात धरता येतो, पुढे हात भरून येतो आणि उशीचा टेकू घ्यावासा वाटतो. पडदा ८.७ इंची, म्हणजे उभा धरल्यावर साधारण ११ सेंटिमीटर रुंद आणि १९ सेंटिमीटर उंच.

वाचणाऱ्याने हे माप लक्षात ठेवावं. डेमी आकाराची कादंबरी सुमारे १४ सेंटिमीटर रुंद असते. तिची स्कॅन केलेली पीडीएफ या पडद्यावर ८० टक्के आकारात दिसते. तेवढं चालून जातं. ए४ पानाची पीडीएफ मात्र जवळपास निम्मी होते, ११ पॉइंटचं अक्षर ६ पॉइंटवर येतं. देवनागरीला हे सोसत नाही. अनुस्वार पुसट होतो, रफार हरवतो, 'द्ध' की 'द्व' ते कळेनासं होतं. त्यात या पडद्यावर इंचाला १७९च ठिपके आहेत; ठिपके जितके कमी, तितकं अक्षर कमी रेखीव. आयपॅड मिनीवर ३२६ असतात, पण त्याची किंमतही कितीतरी जास्त. यावर साधा उपाय म्हणजे टॅब आडवा धरणे. तेच ए४ पान मग ९० टक्के आकारात दिसतं, फक्त पान वर सरकवत राहावं लागतं.

किंडल किंवा गूगल प्ले बुक्सवरच्या ई-बुकमध्ये ही अडचण सहसा येत नाही. अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप नव्याने लागतात. किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ पासून मिळतात. मराठी विश्वकोशाच्या नोंदी संकेतस्थळावर मोफत आहेत आणि त्यांचंही अक्षर वाढवता येतं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचे ग्रंथ मोफत मिळतात, पण ते पीडीएफ स्वरूपात. तिथे वरचा हिशेब लागू.

सिनेमा-मालिकांसाठी टॅब छान आहे. स्पीकर दोन आहेत, हेडफोनची पिन लागते, मेमरी कार्डही बसतं. पडदा १३४० × ८०० ठिपक्यांचा असल्याने पूर्ण एचडी चित्र दिसत नाही. हातभर अंतरावरून आम्हाला ते खटकलं नाही.

भर उन्हात, अंगणात बसून फक्त वाचायचंच असेल, तर ई-इंकचं, म्हणजे कागदासारखा न चकाकणारा पडदा असलेलं, वाचनयंत्र घ्या. तिथे टॅबचा पडदा चकाकतो. आमच्याकडून टॅब घेतला नाही तरी चालेल, पण डोळ्यांना त्रास नको.

दुकानात येताना तुमची एखादी पीडीएफ मोबाइलमध्ये घेऊन या. काउंटरवरच्या टॅबवर उघडून देऊ. आई-वडिलांसाठी किंवा आजोबांसाठी घेत असाल, तर त्यांनाच सोबत आणा, आणि त्यांचा वाचायचा चष्माही.