एलिझाबेथ रीड बाई कोण, हा प्रश्न मलाही पडला होता

'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड' म्हटलं की वाटतं कुणाच्या तरी आठवणीत बनवलेली ट्यून असणार, पण ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडमधल्या कुणीही या बाईंना बघितलेलंसुद्धा नव्हतं, त्या 1935 सालीच गेलेल्या. झालं असं की बँड तेव्हा अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावात राहायचा आणि तिथल्या रोझ हिल या जुन्या कबरस्तानात ही पोरं तासन्‌तास जाऊन बसायची. गिटारिस्ट डिकी बेट्सने ट्यून केली होती एका मैत्रिणीसाठी, पण ती दुसऱ्याची गर्लफ्रेंड, मग तिचं नाव देणार कसं? दिलं तिथल्याच एका थडग्यावरचं नाव ठोकून.

1970 च्या 'आयडलवाइल्ड साउथ' अल्बममध्ये ती पहिल्यांदा आली, जेमतेम सात मिनिटं, ठीकठाक आहे (माझं मत, शिव्या घाला). खरी चीज म्हणजे मार्च 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या हॉलमध्ये लाइव्ह शोला रेकॉर्ड झालेली, जवळजवळ 13 मिनिटांची. हेडफोन लावून सुरुवात ऐका, बेट्स आवाजाचं बटण शून्यावर ठेवून तार छेडतो आणि मग हळूच बटण फिरवतो, त्यामुळे तारेचा 'टण्' गायब होतो आणि गिटार व्हायोलिनसारखी उगवते, आपल्याकडच्या आलापाची सवय असलेल्या कानाला तर लगेच पटतं. मग बेट्स आणि दुसरा गिटारिस्ट डुएन ऑलमन दोघं जोडीने मुखडा वाजवतात, लय चढते, बेट्सचा सोलो, डुएनचा भाऊ ग्रेगचा ऑर्गन, मग डुएन सुटतो तो सुटतोच, मागे दोन दोन ड्रमर. हे सगळं रॉकमध्ये आलं कुठून तर जॅझमधून, ड्रमर जेमोने या लोकांना माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन ऐकायची चटक लावलेली.

फिलमोरच्या या रेकॉर्डिंगला डुएनने सॅक्सोफोनवाले वगैरे पण आणले होते, प्रोड्यूसर टॉम डाउड भडकला आणि त्यांना बाहेर काढायला लावलं, नशीब आपलं. शो संपला की सगळे स्टुडिओत जाऊन त्याच रात्री टेप ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी काय वाजवायचं ते ठरवायचे.

जूनमध्ये फिलमोर ईस्ट बंद पडलं, जुलैमध्ये या शोंचा अल्बम आला आणि ऑक्टोबरमध्ये डुएन मेकनमध्येच मोटरसायकल अपघातात गेला, वय 24. पुढच्या वर्षी, 1972 च्या नोव्हेंबरमध्ये, बेसिस्ट बेरी ओकली, तोही मोटरसायकलवरच, डुएनच्या अपघाताच्या जागेपासून दोन-तीन गल्ल्यांवर. दोघांनाही पुरलं ते रोझ हिलमध्येच, 2017 मध्ये ग्रेगलाही.