मुंबई ते न्यूयॉर्क: विमान आधी उत्तरेकडे का जातं?

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानानं निघालात, तर समोरच्या पडद्यावरचा नकाशा जरूर बघा. अमेरिका आपल्या पश्चिमेला, पण विमानाची रेघ उत्तरेकडे चढत जाते, मोठी कमान करते आणि मग खाली उतरते. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, एवढा वळसा कशासाठी?

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर धरा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा घट्ट ताणा. तो आपोआप वर सरकतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तान, रशिया, स्वीडन, नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलँडचं दक्षिण टोक, कॅनडा, आणि मग न्यूयॉर्क! गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता हाच. भूगोलात याला बृहद्वृत्त म्हणतात: पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणारं वर्तुळ.

या वाटेनं अंतर भरतं सुमारे १२,५०० किलोमीटर. शाळेच्या भिंतीवर असतो तशा मर्केटर नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि तिच्यावरून उडालो, तर मात्र सुमारे १४,२०० किलोमीटर पडतील. ताशी ९०० किलोमीटरनं जाणाऱ्या विमानाला हा जवळजवळ दोन तासांचा फरक. १५६९ सालचा हा नकाशा दर्यावर्दींसाठी होता. होकायंत्राची दिशा त्यावर सरळ रेघेत मिळते, पण त्यापायी ध्रुवांकडचा भाग ताणला जातो. ६० अंश अक्षवृत्तावर तर अंतर दुप्पट दिसतं. म्हणून उत्तरेची जवळची वाट आपल्याला लांबची वाटते.

अंतर जाता-येता सारखंच, वेळ मात्र नाही. जाताना साधारण सोळा तास लागतात आणि परतताना त्याहून एक-दीड तास कमी. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग अमेरिकाच आपल्याकडे यायला हवी ना, असं मुलं हमखास विचारतात, आणि प्रश्न फार चांगला आहे. पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. धावत्या रेल्वेच्या डब्यात चेंडू वर उडवला तर तो आपल्याच हातात पडतो, तसंच हे.

खरं कारण आहे जेट स्ट्रीम. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे वेगवान वारे. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून ते मोजले. हिवाळ्यात ध्रुव आणि उष्ण कटिबंध यांच्या तापमानातली तफावत वाढते, तसे हे वारेही जोर धरतात. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान या वाऱ्यांवर स्वार होऊन ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं. एरवी याला सहा-साडेसहा तास लागतात. मला हे वारे फार विलक्षण वाटतात: दिसत नाहीत, पण वेळापत्रक त्यांनाच विचारून बनतं.

आणि दोऱ्याला देशांच्या सीमा कळत नाहीत. २०१९ मध्ये काही महिने, आणि एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा, पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. मुंबईच्या विमानाला मग आधी अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे जावं लागतं. दिल्लीकरांची वाट तर आणखी लांबते. २०२५ मध्ये अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना इंधनासाठी वाटेत व्हिएन्नाला उतरावं लागलं.